राज्यात किती फोन ऐकले जातात, एवढा आकडा तरी सांगा : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
तथा अध्यक्ष, दूरसंदेश अवरोधनविषयक राज्य पुनर्विलोकन समिती,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

एखाद्याचा फोन ऐकण्याचा आदेश राज्याच्या गृह विभागाने काढला, की त्याची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत ज्या समितीकडे जाते त्या समितीचे आपण अध्यक्ष आहात. आपण, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एखाद्या विभागाचे सचिव अशा तिघांनी निदान दोन महिन्यांतून एकदा बसून तो आदेश कायद्याला धरून आहे की नाही हे तपासायचे आणि नसल्यास तो रद्द करून जमवलेले संभाषण नष्ट करायला लावायचे, अशी नियमाची रचना आहे. फोन टॅपिंगचा विषय निघाला की लोक गृहमंत्र्यांना, पोलिसांना किंवा दिल्लीला पत्रे लिहितात. आपल्या समितीला कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, कारण अशी समिती आहे हेच फार थोड्यांना ठाऊक आहे.

पत्र लिहिण्यास निमित्त झाले ते नव्या नियमांचे. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी संसदेने २०२३ चा दूरसंचार कायदा आणला आणि त्याखालील अवरोधनाचे, म्हणजे फोन व संदेश मध्येच ऐकण्या-पाहण्याचे, नियम ६ डिसेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. सव्वाशेहून अधिक वर्षांचा कायदा बदलतो आहे, तर निदान देखरेखीची व्यवस्था तरी बदलेल अशी माझी भाबडी समजूत होती. नियम वाचून पाहिले. आदेश काढणारे सचिव, तपासणारे सचिव, साठ दिवसांची मुदत, ती वाढवत नेण्याची एकशेऐंशी दिवसांची मर्यादा, हे सारे जसे होते तसेच आहे. बाहेरचा एकही माणूस या साखळीत नाही आणि किती आदेश निघाले हे जनतेला सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षे एका जिल्ह्याच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये, एमडीएफवर गेली. ज्यांनी एमडीएफ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : छतापर्यंत पोचणाऱ्या लोखंडी चौकटींची ती खोली असते, एका अंगाला रस्त्याखालून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या अंगाला एक्स्चेंजची यंत्रे, आणि गावातला प्रत्येक फोन या दोहोंना जोडणाऱ्या जंपर नावाच्या एका बारीक दुपदरी तारेवर चालतो. कोणाचा फोन ऐकायचा असेल तर चौकटीवरच्या त्या ग्राहकाच्या जोडीच्या टोकावरून (टॅगवरून) आणखी एक जंपर ओढून तो ऐकणाऱ्या कार्यालयाकडे जाणाऱ्या जोडीवर चढवायचा. आमच्या भाषेत याला पॅरलल देणे म्हणत. बंद पाकिटातून पत्र यायचे, विभागीय अभियंता ते स्वतः फोडायचे, एका चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहून माझ्या हातात द्यायचे आणि काम झाले की चिठ्ठी परत घ्यायचे. क्रमांक कोणाचा, कशासाठी, किती दिवस, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असाच एक पॅरलल मी दिला. काही दिवसांनी फोन बिघाडाच्या तक्रारीसाठी असलेल्या १९८ वर त्याच क्रमांकाची तक्रार आली : आवाज खोल जातो, मध्येच खरखरतो. लाइनमनने बाहेरची लाइन ठीक असल्याचे कळवले, म्हणून मी एमडीएफवर टेस्ट हँडसेट लावला. एक बाई आपल्या भावाशी बोलत होत्या. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पंधरा हजार रुपये उसने मागत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘यांना मात्र कळू देऊ नकोस.’ तो आवाज मी ओळखला. त्या गावातल्या शाळेत शिक्षिका होत्या. मी चिठ्ठीवरचा क्रमांक वहीत टिपून ठेवला होता, तो घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी पत्र काढून पुन्हा वाचले, फोन केला, आणि मग उलगडा झाला की ज्या कार्यालयाचे ते पत्र होते तिथे टंकताना १ च्या जागी ७ पडला होता. त्याच संध्याकाळी मी जंपर कापला. तोवर सतरा दिवस झाले होते.

त्या बाईंना कोणीही काही सांगितले नाही. मीही नाही. पुढे बँकेच्या रांगेत, लग्नात, बसस्टँडवर त्या कितीदा तरी भेटल्या; मी नमस्कार करून पुढे गेलो. ‘ज्याने काही केलेले नाही त्याला घाबरण्याचे कारण काय’ असे जेव्हा कोणी मला ऐकवते, तेव्हा मला ते पंधरा हजार रुपये आठवतात. त्या बाईंनी काहीही केलेले नव्हते. तरी त्यांच्याकडे लपवण्यासारखे होते, जसे ते माझ्याकडे आहे आणि आपल्याकडेही असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. फोन ऐकूच नयेत असे माझे म्हणणे नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत हल्ला चालू असतानाच हल्लेखोर आणि सीमेपलीकडून त्यांना हुकूम सोडणारे सूत्रधार यांच्यातले संभाषण आपल्या यंत्रणांनी पकडले, आणि तेच ध्वनिमुद्रण पुढे खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा म्हणून टिकले. १६६ माणसे गेलेल्या त्या घटनेनंतर अवरोधनाची गरज काय, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी जबाबदार नागरिक म्हणणार नाही. आणीबाणीच्या प्रसंगी आधी ऐकावे आणि मंजुरी सात कामकाजाच्या दिवसांत घ्यावी, ही नियमातील सवलतही मला मान्य आहे. माझी तक्रार ऐकण्याविषयी नाही, ऐकणाऱ्यावर लक्ष ठेवण्याच्या व्यवस्थेविषयी आहे, आणि ती व्यवस्था म्हणजे आपली समिती.

ही समिती कुठून आली, हे येथे सांगणे भाग आहे. राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगबद्दल सीबीआयने केलेल्या चौकशीचा अहवाल १९९१ मध्ये एका साप्ताहिकात छापून आला. चार क्रमांक असे निघाले की ते ऐकले जात होते, पण परवानगीचे पत्रच दाखवता येत नव्हते. १३३ प्रकरणांत मुदत संपल्यावरही ऐकणे चालू होते. १११ प्रकरणांत ते सरकारची परवानगी न घेता १८० दिवसांच्याही पुढे गेले होते. हे आकडे पाहून आमच्या खात्यातल्या कोणालाही आश्चर्य वाटले नसेल; जंपर चढवण्याची घाई सर्वांना असते, काढण्याची आठवण कोणाला राहत नाही. याच अहवालावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही संघटनेची मागणी होती. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे ती आम्ही घालू शकत नाही. पण सरकार नियम करेपर्यंत गृह सचिवांनीच आदेश द्यावा आणि सचिवांच्या समितीने तो दोन महिन्यांत तपासावा. म्हणजे महोदय, ज्या खुर्चीवर आपण बसता ती न्यायाधीशासाठी मागितलेली खुर्ची आहे. तिच्याकडून आम्ही जी अपेक्षा करतो ती त्या मापाने करतो.

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार संख्येची आहे. केंद्र सरकारने माहितीच्या अधिकारातील एका उत्तरात महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार टेलिफोन अवरोधनाचे आदेश निघतात असे कळवले होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात त्यावरून हिशेब मांडला, की पुनर्विलोकन समितीला दर दोन महिन्यांच्या बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासावे लागतात आणि हे अशक्यप्राय आहे. (मुंबईच्या दंगलींची चौकशी ज्यांनी केली तेच हे श्रीकृष्ण; कागद वाचण्यात ते हयगय करत नाहीत हे महाराष्ट्राला माहीत आहे.) तीन वरिष्ठ सचिव जेवणाची सुट्टी न घेता आठ तास बसले तरी पंधरा हजारांतल्या एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. हा आकडा केंद्राचा झाला. महाराष्ट्राचा किती, हे नागरिकाला कळण्याची सोय नाही. तो लहान असेल तर समिती नीट काम करते असे आम्ही समाधानाने म्हणू. तो मोठा असेल तर तेही कळणे आवश्यक आहे.

संख्या जाहीर केली तर सुरक्षेला बाधा येईल, हे उत्तर मला आधीच ऐकू येते आहे, आणि ते महाराष्ट्राने तरी देऊ नये. आपल्याच विधिमंडळाने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा केला, ज्याला सगळे मोक्का म्हणतात. टोळीयुद्धांच्या काळातला, देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी हा एक. त्यातही फोन ऐकण्याची तरतूद आहे, आणि त्याच कायद्याचे कलम २७ सांगते की पोलिसांकडून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, आणीबाणी म्हणून किती ऐकले, त्यातून किती खटले उभे राहिले आणि किती शिक्षा झाल्या, याचा वार्षिक अहवाल वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. सुरक्षेला खरोखर बाधक असा मजकूर शासनाने त्यातून वगळावा. याच कायद्यातले आदेश पुनर्विलोकन समितीपुढे दहा दिवसांत यावेत असेही त्यात आहे आणि त्या समितीचे अध्यक्षही मुख्य सचिवच, म्हणजे आपणच. या कायद्यातील अवरोधनाची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली. अशा प्रकारे खंडणीखोर टोळीचा फोन ऐकल्याचा हिशेब सभागृहाला द्यायचा, असे महाराष्ट्राने पंचवीस वर्षांपूर्वी ठरवले. पण दूरसंचार कायद्याखाली एखाद्या शिक्षिकेचा फोन ऐकला तर त्याचा हिशेब कोणालाच द्यायचा नाही. हा फरक मला कोणत्याही तर्काने समजत नाही.

दुसरी तक्रार नाव आणि क्रमांक यांच्या मेळाची. २०२२ मध्ये पुण्यात आणि कुलाब्यात नोंदवलेल्या दोन गुन्ह्यांत असा आरोप होता की काही लोकप्रतिनिधींचे क्रमांक भलत्याच नावांनी आणि भलतीच कारणे दाखवून ऐकण्यात आले. ते गुन्हे उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले. त्या निर्णयाविषयी मला काहीही म्हणायचे नाही आणि कोणा अधिकाऱ्याविषयीही नाही. माझा प्रश्न साधा, तंत्रज्ञाचा आहे. प्रस्तावात लिहिलेले नाव आणि तो क्रमांक ज्याच्या नावावर आहे तो ग्राहक, हे दोन्ही एकच आहेत की नाही, हे आपल्या समितीपुढे येणाऱ्या कागदांत कुठे दिसते का? गुन्हेगार दुसऱ्याच्या नावावरचे सिम वापरतात हे मला ठाऊक आहे; मग प्रस्तावात तसे लिहावे. ग्राहक कोण, वापरणारा कोण असल्याचा संशय आहे आणि तो कशावरून, या तीन ओळी असत्या तर १ चा ७ झाल्याचे त्या वेळी पहिल्याच दिवशी कळले असते, आणि खोटे नाव घालण्याचा मोह कोणाला झालाच तर तोही तिथेच अडला असता.

तिसरी तक्रार ‘सार्वजनिक सुरक्षा’ या शब्दांच्या वापराची आहे. कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा या दोनपैकी एक गोष्ट असल्याशिवाय पुढचे दारच उघडत नाही, आणि १९९६ च्या निकालाने सांगितले आहे की या अवस्था कोणत्याही समंजस माणसाला उघड दिसणाऱ्या असतात, गुप्त नव्हेत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या लाचेच्या प्रकरणातील अवरोधनाचे तीन आदेश नेमके याच कारणाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तसाच निर्णय दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच सुमारास मोठा भ्रष्टाचार हासुद्धा सार्वजनिक सुरक्षेचाच प्रश्न ठरू शकतो, असे मत दिले. कायद्याचे पंडित यावर वाद घालोत. मला एवढेच दिसते की २००९-१० चे आदेश चुकीचे होते हे २०१९ मध्ये, तेही आरोपी श्रीमंत असल्यामुळे आणि त्याला फोन ऐकल्याचे आरोपपत्रातून समजल्यामुळे कळले. ज्याच्यावर आरोपपत्रच येत नाही त्याला कधीच काही कळत नाही.

आणि हीच सर्वांत जुनी तक्रार. चुकीने ऐकले गेलेल्या माणसाला सांगण्याची सोय आपल्या नियमांत नाही. अमेरिकेत गुन्ह्यांच्या तपासासाठी फोन ऐकला तर १९६८ पासूनच्या कायद्यानुसार काम संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत संबंधिताला कळवावे लागते, आणि तपासाला बाधा येत असेल तर न्यायाधीश ती सूचना पुढे ढकलू शकतो. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या वॉरंटला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते आणि किती वॉरंट निघाली हे दरवर्षी छापले जाते. या दोन्ही देशांच्या यंत्रणा आपल्यापेक्षा मवाळ आहेत असे कोणी म्हणणार नाही.

हे सारे आजच का, याला आणखी एक कारण आहे. माझ्या काळी पॅरलल देण्यासाठी माझा हात लागत असे. साहेबांनी पाकीट फोडलेले असे, वहीत एक नोंद असे, लाइनमनला संशय येई. व्यवस्था कितीही गुप्त असली तरी चार माणसांच्या डोळ्यांदेखत ती घडे, आणि म्हणूनच ती चूक सतराव्या दिवशी का होईना सापडली. आता केंद्रीय सनियंत्रण प्रणाली आली आहे. तिचा हेतूच असा की दूरसंचार कंपनीच्या माणसाला मध्ये न घालता यंत्रणेला थेट जोडणी मिळावी. कंपनीच्या माणसाकडून बातमी फुटू नये हे त्यामागचे कारण मला पटते. पण त्याबरोबर तो साक्षीदारही गेला. आवाज खोल जात नाही, खरखर होत नाही, तक्रार करायला १९८ नाही. शिवाय तेव्हा तारेवर फक्त बोलणे असे; आज त्याच उपकरणात माणसाचे बँक खाते, दवाखान्याचे कागद, मुलांचे फोटो आणि तो दिवसभर कुठे फिरला याचा माग असतो. मधले सगळे साक्षीदार गेल्यावर उरली ती एकटी आपली समिती. म्हणून ती कसे काम करते हे विचारण्याचा हक्क मी मागतो आहे.

कायदा संसदेचा आहे, नियम केंद्राचे आहेत, हे मी जाणतो. म्हणून आपल्या हातात आहे तेवढेच मागतो.

दूरसंचार कायद्याखाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली (संगणकातील माहिती पाहण्यासाठी) राज्याने काढलेल्या आदेशांची संख्या, मोक्काच्या कलम २७ च्याच नमुन्यात, दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी. नावे नकोत, क्रमांक नकोत, प्रकरणे नकोत. मोक्काखालील आजवरचे असे अहवालही शासनाच्या संकेतस्थळावर एका जागी वाचायला मिळावेत.

समितीच्या वर्षभरात किती बैठका झाल्या, त्यांत किती आदेश तपासले आणि किती रद्द केले, हे तीन आकडे त्याच अहवालात असावेत. रद्द केलेल्यांचा आकडा वर्षानुवर्षे शून्य असेल, तर त्याचा अर्थ वाचणारे आपापला लावतील.

प्रत्येक प्रस्तावासोबत ग्राहक, संशयित वापरकर्ता आणि त्यांच्यातील संबंधाचा आधार लिहिलेला असल्याशिवाय तो आदेश समितीने कायम करू नये, असे परिपत्रक गृह विभागाला द्यावे.

क्रमांकाच्या किंवा नावाच्या चुकीमुळे ज्याचा फोन ऐकला गेला, त्याला मुद्रण नष्ट केल्यावर लेखी कळवावे. दोन ओळींचे पत्र पुरे आहे.

शेवटची मागणी शिफारशीची आहे. समितीत एक निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश असावा, अशी नियमदुरुस्ती केंद्राला सुचवण्यास राज्याला कोणी अडवलेले नाही. आदेश काढणारे आणि तपासणारे एकाच इमारतीत, एकाच सेवेतले, पुढच्या बदलीत एकमेकांच्या खुर्चीवर येऊ शकणारे असे असतात. यात कोणाच्या सचोटीवर शंका नाही. मी स्वतः चिठ्ठीवरचा क्रमांक न विचारता जोडला होता, आणि मीही सचोटीनेच नोकरी केली असे समजतो.

मला व्यक्तिशः उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. विधिमंडळाच्या येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो आकडा सभागृहाच्या पटलावर आला, तर तेच उत्तर मला पोचले असे समजेन.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी
पुणे